माल्सुनताईच्या नावातलं अक्षर

माल्सुनताईचं पूर्ण नाव यांग माल्सुन. आमच्याकडे कोरियात आडनाव आधी घेतात, आणि सगळा घोळ तिथंच झाला. 'यांगमाल्' म्हणजे पायमोजा. सोळाव्या वर्षी ती गोकसॉंगकडच्या खेड्यातून सोलला आली, दोबोंग भागात कामाला लागली, आणि काम मिळालं तेही मोज्यांच्या कारखान्यात. पहिल्या दिवशी मुकादमाने हजेरी घेताना "यांग माल्सुन" असा पुकारा केला, तेव्हा ऐंशी यंत्रांच्या खडखडाटातही हशा ऐकू आला म्हणतात. मी त्या दिवशी तिथं नव्हते. मी, प्यो ग्योंगोक, सहा वर्षांनी तिच्या शेजारच्या यंत्रावर लागले. तोवर सगळे तिला 'मोजाबाई' म्हणायला लागले होते आणि तीही त्या नावाने हाक मारली की ओ देत होती.

यंत्रातून मोजा नळीसारखा बाहेर पडतो, पुढचं तोंड उघडं असतं. बोटांकडची ती बाजू टाक्याला टाका जुळवून बंद करायची, हे आमचं काम. नजर जराही हलवता येत नाही, त्यामुळे बोलायचं ते मान खाली घालून, ओरडून. मला पहिल्याच आठवड्यात माल्सुनताईने ओरडून विचारलं होतं, "तुला माहितीय का, कांद्यात समुद्र आहे?"

मला वाटलं, बाई कामाने वेडी झालीय.

झालं होतं असं. कारखान्यात मेंग नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. तयार खोक्यांवर ब्रशने मालाचं नाव घालायचं त्यांचं काम. त्या काळी खोक्यांवर, वर्तमानपत्रांत, दुकानांच्या पाट्यांवर चिनी अक्षरं असायची. आमच्या भाषेतले निम्म्याहून अधिक शब्द चिनी अक्षरांतून आलेले. पण बोलताना ते कोणाच्या ध्यानात राहतंय? माल्सुनताईने एकदा खोक्यावरची दोन गच्च अक्षरं बघून मेंगना विचारलं, हे काय लिहिलंय. ते म्हणाले, तुझंच नाव, मोजा. मग त्यांनी फोड करून सांगितलं. 'यांग' म्हणजे मोठा समुद्र, म्हणून समुद्रापलीकडून आलेलं ते सगळं यांग. 'माल्' म्हणजे पायात घालायचं कापड. आपल्याकडे पूर्वी कापडाचे शिवलेले मोजे होते, त्यांचं नाव वेगळं. हे विणलेले परदेशातून आले, म्हणून यांगमाल्.

त्यावर ताईने विचारलं, मग 'यांगपा'मधला यांग? कांद्यातला? तोही तोच, मेंग म्हणाले. पा म्हणजे पातीचा कांदा, आणि यांगपा म्हणजे समुद्रापलीकडची पात. कोट-पँटच्या 'यांगबोक'मधला? तोच. पत्र्याच्या बादलीतला, 'यांगदोंगी'मधला? तोही. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. आपण रोज तोंडात घोळवतो त्या शब्दांच्या पोटात काहीतरी आहे, आणि ते आपल्याला कोणी दाखवलेलंच नाही, असं तिला वाटायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत ती मेंगच्या खोक्यांपाशी जाऊन उभी राहायची आणि रोज एक शब्द घेऊन यायची.

एकदा मेंगनी तिला तिचं नाव लिहून दाखवायला सांगितलं. तिने तळहातावर बोटाने लिहिलं. यांग म्हणजे वाळुंजाचं झाड, समुद्राचा यांग निराळा. पुढचं 'माल्' मात्र बघून मेंग म्हणाले, हं, हे मोज्यातलं नाही.

तिला ते माहीत होतं. ते अक्षर 'शेवट'चं होतं. ती पाचवी मुलगी. तिच्या जन्माच्या दिवशी वडील भात लावायला गेले ते परत आले संध्याकाळी, आणि नाव सांगून मोकळे झाले. माल्, म्हणजे ही शेवटची, आता पुरे. दोन वर्षांनी तिच्या पाठीवर मुलगा झाला आणि सगळ्या गावाने मान्य केलं की नाव लागू पडलं. आई तिला कडेवर घेऊन घरोघरी दाखवायची, हिने भावाला आणलं म्हणून. दहा वर्षांची होईपर्यंत माल्सुनताईला त्याचा अभिमानच होता. मग शाळेत गुरुजींनी फळ्यावर ते अक्षर काढून अर्थ सांगितला, आणि बाकावरच्या मुलीने वळून विचारलं, "म्हणजे तू नको होतीस?"

हे तिने मला खूप वर्षांनी सांगितलं, तेही हसत. पण आपली सही ती कायम आपल्या साध्या कोरियन लिपीत करायची. ते अक्षर काढायची नाही.

लग्नाची गोष्ट मात्र ती सगळ्यांना सांगत फिरायची. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा एक लाजरा माणूस होता, मा जोंगगु. ताईचं यंत्र वारंवार बिघडायचं, आणि ते दुरुस्त व्हायला जरा जास्तच वेळ लागायचा. एके दिवशी तेलकट हात पुसत तो म्हणाला की माझं आडनाव मा, म्हणजे चिनी अक्षरांत घोडा. तुमच्या नावात माल् आहे, आपल्या साध्या बोलीत माल् म्हणजे घोडाच. तर दोघांनी एकाच तबेल्यात राहायला काय हरकत आहे? ताई सांगायची, मी विचार केला की नावातून एवढं शोधून काढणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. पुढे कळलं की तो विनोद मेंगनीच त्याला शिकवून पाठवला होता. त्याला स्वतःला एकही अक्षर येत नव्हतं.

लग्नानंतर दोघांनी तळघरात चार यंत्रं टाकून स्वतःचा छोटा कारखाना काढला आणि मी त्यांच्याकडे गेले. पस्तीस वर्षं आम्ही तिथं मोजे शिवले. भिंतीला टांगलेल्या जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला ती शब्द लिहून ठेवायची. बाजारात भाजीवाल्याशी तिचं कायम वाजायचं, कारण ती भाव करायच्या आधी भाजीची वंशावळ काढायची. कोबीला आपण 'बेचू' म्हणतो ते मुळात 'बेकचे', पांढरी भाजी. सॅलडच्या पानांचं 'सांगचू' म्हणजे 'सेंगचे', कच्ची भाजी. आपली आंबवलेली किमचीसुद्धा मुळात 'चिमचे', पाण्यात बुडवलेली भाजी, हजार तोंडांतून फिरून किमची झालेली. भाजीवाला म्हणायचा, "बाई, भाजी घ्यायचीय का तिची सोयरीक जुळवायचीय?"

मुलं मोठी झाली, परदेशी स्वस्त मोजे यायला लागले, पाठी दुखायला लागल्या. यंत्रं विकून टाकली तेव्हा ताई बासष्ट वर्षांची होती. मला वाटलं आता ही बसून राहील. आठवड्याने दारात येऊन म्हणाली, वस्तीच्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चिनी अक्षरांचा वर्ग सुरू झालाय, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी, आणि मी तुझंही नाव घालून आलेय.

शिकवणारे नामगुंग सर ऐंशीचे होते. चाळीस वर्षं त्यांनी जडीबुटीच्या औषधांचं दुकान चालवलं होतं, ज्याच्या भिंतीभर छोटे खण असतात आणि प्रत्येक खणावर अक्षरं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले की मी शाळेत शिकलो नाही, खण उघडझाक करत शिकलो. आणि त्या खणाला आपण 'सॉराप' म्हणतो, तो शब्द मुळात काय, ठाऊक आहे? मग त्यांनीच सांगितलं, 'सॉल्हाप'. जिभेचा डबा. ओढला की तोंडातून जीभ बाहेर यावी तसा येतो.

माल्सुनताईने त्या दिवशी घरी जाऊन स्वयंपाकघरातले सगळे खण ओढून ठेवले होते. जोंगगुभावजी चहा मागायला आले तर आठ जिभा बाहेर.

वर्गात आम्ही बारा जणी आणि दोन पुरुष. सगळ्यांत जास्त प्रश्न ताईचे. एकदा कोणीतरी आपल्या रिकामटेकड्या नवऱ्याला 'गॉन्दाल' म्हणाली. सर म्हणाले, फार मोठा मान दिलात. हा शब्द भारतातून बुद्धाच्या ग्रंथांबरोबर चीनमध्ये आला, तिथून आपल्याकडे. मुळात गंधर्व. अन्न खात नाहीत, सुगंधावर जगतात, आणि दिवसभर गातात बजावतात. ताई म्हणाली, "आमचे हे गातात दिवसभर. पण खातातही, सर." तेव्हापासून जोंगगुभावजींचं घरातलं नाव गंधर्व पडलं. त्यांना ते आवडलं. कॅरिओकेच्या खोलीत माइक हातात घेताना ते स्वतःच तशी ओळख करून द्यायला लागले.

मग एका शुक्रवारी पाळी आली आपापल्या नावांची. सर एकेकीचं नाव फळ्यावर काढून अर्थ सांगत होते. ताईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, माझं राहू द्या. पण सरांना यादीतून दिसलंच. त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं की हे अक्षर बघा, खाली झाड आहे आणि झाडाच्या वर एक आडवी रेघ. म्हणजे झाडाचा शेंडा. शेवट हा अर्थ मागाहून आला. नवी पालवी शेंड्यालाच फुटते.

"खरंय, सर," ताई म्हणाली, "पण शेंड्याला वारा फार लागतो."

सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी आपला जाडजूड कोश आणून तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, 'माल्' असा उच्चार असलेली सगळी अक्षरं शोधा. अभ्यास समजा. ती चष्मा लावून बसली. मोज्यातलं सापडलं. पुसायचं सापडलं, फेसाचं सापडलं, घोड्याच्या चाऱ्याचं सापडलं. आणि मग ती थांबली. बोट एका जागी ठेवून मला म्हणाली, "ग्योंगोक, हे बघ. हे माझंच अक्षर आहे ना गं? पण डोक्यावर गवत आहे."

खरंच तसंच होतं. खाली तिचं शेवटचं अक्षर, जसंच्या तसं, आणि वर गवताच्या खुणेच्या दोन छोट्या काड्या. वनस्पतींच्या अक्षरांवर असते ती. अर्थ लिहिला होता, मोगरा.

सर म्हणाले, एकट्या अक्षराला तसा अर्थ नाही. ते नेहमी जोडीने येतं, 'माल्ली'. तो शब्दही भारतातला. तिथल्या जुन्या भाषेत त्या फुलाला मल्लिका म्हणत. फूल जहाजातून आलं, नाव त्याच्याबरोबर आलं. चिनी लोकांनी कानावर पडलं तसं ते लिहून घेतलं आणि फुलाचं आहे हे कळावं म्हणून दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर गवत ठेवलं.

ताई उरलेला तासभर काही बोलली नाही, आणि हे इतकं विचित्र होतं की दोन बायकांनी मला खूण करून विचारलं, बरं नाही का तिला.

घरी जाताना तिने ठरवूनच टाकलं होतं. कोर्टात अर्ज करून नावातलं अक्षर बदलून घ्यायचं. उच्चार तोच, माल्सुन. फक्त कागदावर वरती गवत. अर्ज लिहिला, दाखले गोळा केले, आणि बहिणींना कळवावं म्हणून थोरलीला फोन केला. थोरली जॉमरेआक्का, ताईपेक्षा बारा वर्षांनी मोठी, अजून गावातच. आक्काने एवढंच विचारलं की वडिलांनी ठेवलेलं नाव खोडणारी तू कोण? आणि बदलून तरी काय, ऐकायला तर तेच राहणार.

"ऐकणाऱ्याला तेच, आक्का. लिहिणारी मी आहे," ताई म्हणाली. पण आक्काने फोन ठेवून दिला होता.

ताईने अर्ज ताटांच्या कपाटावर ठेवून दिला. वर्गाला येत होती, पण प्रश्न कमी झाले. सव्वा महिना असा गेला. जोंगगुभावजी मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्हीच काहीतरी बोला. हल्ली भाजीवाल्याशीसुद्धा नीट भांडत नाही." त्यांनीच गुपचूप भावाला फोन केला असणार, कारण एका रविवारी भाऊ दारात हजर झाला.

भाऊ म्हणजे गिचॉल. वय साठ, गोकसॉंगला भाताची गिरणी, आवाज गिरणीवरून ऐकू जाईल असा. खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊनच आत आला. मी तिथंच होते, कोबी चिरत. तो बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, अर्ज कुठंय?"

तिने आधी विषय टाळला. मग तिने त्याला कागदावर दोन्ही अक्षरं काढून दाखवली, शेंड्याचं आणि मोगऱ्याचं. त्याने दोन्ही ताडून बघितली आणि विचारलं, मग खोडलंय कुठं? वडिलांचं अक्षर तर आहे तसंच आहे. पुढे म्हणाला की लहानपणापासून तुझ्या नावाने हाक मारताना मला कसंतरीच व्हायचं, कारण तुझ्या नावात तू नव्हतीस, मी होतो. मिआन, ताई.

'मिआन', म्हणजे माफ कर, हे आपण दिवसातून दहादा म्हणतो, पाय लागला तरी. ताईने त्याला सांगितलं की त्या शब्दाची अक्षरं आहेत 'अजून चैन नाही'. गिचॉल म्हणाला, "मग बरोबर आहे. साठ वर्षं मिआन आहे मी." आणि डोळे पुसायच्या ऐवजी त्याने कागद मागितला. कोर्टाला जोडपत्र मी लिहिणार, म्हणाला. ते पत्र मी वाचलंय, कारण त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका मी सुधारल्या. त्यात लिहिलं होतं:

"मी यांग गिचॉल. माझ्या बहिणीचं नाव 'शेवटची' असं ज्याच्यासाठी ठेवलं गेलं, तो मीच. नावाने आपलं काम दोन वर्षांतच केलं, याचा पुरावा म्हणून मी स्वतः हजर व्हायला तयार आहे. काम झाल्यावरही त्याला साठ वर्षं कामावर ठेवलं आहे. आमच्या गिरणीत असं चालत नाही. तरी त्याला सन्मानाने मोकळं करावं आणि माझ्या बहिणीला तिचं फूल द्यावं."

अर्ज गेला. कोर्टात तिला बोलवलंही नाही. अडीच महिन्यांनी जाड लिफाफा आला, तो तिने एकटीने उघडला नाही. वर्गात घेऊन आली. सरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, परवानगी देण्यात येते. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, खालच्या मजल्यावरचा कारकून काय झालं म्हणून वर आला. सरांनी शाई घोटून मोठ्या कागदावर तिचं नवं नाव लिहिलं, आणि तिने ब्रश मागून घेतला. वर्गात तिला ते अक्षर लिहिताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. गवताची एक काडी जरा लांब गेली. ती म्हणाली, असू दे, वाढेल तेवढं वाढू दे. जोंगगुभावजींनी सगळ्यांना काळ्या घेवड्याच्या नूडल्स खायला नेलं आणि मग, कोणी न विचारता, गायलेही.

शरद ऋतूच्या सणाला आईवडिलांच्या थडग्यावर जाऊन हे सांगायचं असं ठरलं. ताई मला बरोबर घेऊन गेली. आक्कासमोर एकटं पडायला नको, हे तिने बोलून दाखवलं नाही. गिचॉलने टेकडीवरचं गवत आधीच कापून ठेवलं होतं. आक्का आली होती, पंचाहत्तरीला टेकलेली, काठी घेऊन, तोंड बंद. नासपती, सुकी मासळी, भातवड्या मांडल्या, दारू ओतली, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. ताईने नवा दाखला काढून वडिलांसमोर धरला आणि साधंच सांगितलं की बाबा, तुमचं अक्षर तसंच ठेवलंय, वर थोडं माझं घातलंय.

आक्का पुढे झाली. दाखला हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिला शाळेतच घातलं नव्हतं. पाठच्या चौघी बहिणी तिनेच सांभाळल्या होत्या. परत देताना तिने बहिणीकडे न बघता विचारलं, "माझ्या नावात काय आहे गं?"

ताईने सांगितलं की जॉम म्हणजे ठिपका.

"ते मला ठाऊक आहे. जन्मले तेव्हा मानेवर तीळ होता म्हणून. तिळाचं काय कौतुक?"

ताई टेकडीवरच बसली, काडी घेऊन मातीत अक्षर काढायला लागली. आक्का काठीवर रेलून बघत राहिली. ताई म्हणाली, आक्का, दुपारच्या जेवणाला आपण 'जॉमशिम' म्हणतो ना, त्यातला जॉम हाच. शिम म्हणजे मन, काळीज. पूर्वी दुपारी पोटभर जेवण नव्हतंच. भिक्षू कामाच्या मध्येच थोडंसं खायचे, काळजावर एक ठिपका ठेवल्यासारखं, की जीव थाऱ्यावर यावा. आम्हाला दुपारी तूच भरवायचीस.

आक्का मातीतल्या अक्षरावर वाकली. मग तिने काठीच्या टोकाने त्याच्या शेजारी ते तसंच काढायचा प्रयत्न केला. अर्धं जमलं. पुन्हा काढलं.

"किती काड्या आहेत गं याला," ती म्हणाली. "तिळाएवढ्या गोष्टीला एवढं लिहायचं?"

"सतरा," ताई म्हणाली. "उद्या पाठ करून घेते तुझ्याकडून."

"उद्या कशाला? आत्ता कर. गिचॉल, ती भातवडी दे इकडे. शिकायचं तर काळजावर काहीतरी ठेवू दे आधी."

आम्ही चौघं तिथंच, टेकडीवर उन्हात, दुपारचं जेवलो.